घरचं भांडण आधी देवापुढे: विश्वासात नव्याने आलेल्यांसाठी

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. आईला अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं होतं. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, अंग पुसणं, औषधं, हातापायांचे व्यायाम, सगळं माझ्याकडे होतं. दादा दुसऱ्या शहरात. त्या संध्याकाळी त्याने फोनवर विचारलं होतं, "पण पाठीला जखम झालीच कशी?"

मी त्याला मेसेज लिहायला घेतला. लिहिता लिहिता तो चौदा ओळींचा झाला. त्यात जखमेबद्दल एकच ओळ होती, बाकी सगळं लहानपणापासूनचं साठलेलं. पाठवणार तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. तिला वळवून, पाठीमागे उशी लावून परत आले तोवर फोनची स्क्रीन काळी झाली होती. का कोण जाणे, मी टेबलावरची हिशेबाची वही ओढली आणि तो मेसेज शब्द न् शब्द वहीत उतरवला. फक्त सुरुवातीचा "दादा" खोडला आणि तिथे "देवा" लिहिलं. फोनमधला मेसेज पुसून टाकला.

माझ्या विश्वासाच्या जीवनातली पहिली खरी प्रार्थना ती. त्याआधी मी प्रार्थना म्हणायचे, पण त्यात माझं घर कधी नसायचं.

हा लेख तुमच्यासाठी आहे, जर तुम्ही प्रभू येशूवर नुकताच विश्वास ठेवू लागला असाल, किंवा ख्रिस्ती घरात जन्मूनही घरातलं भांडण देवापुढे कसं न्यायचं हे कुणी कधी शिकवलं नसेल. मी पाळक नाही, डॉक्टरही नाही. गेली काही वर्षं आजारी माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांच्या एका छोट्या प्रार्थनागटात बसते, एवढंच. तिथे आणि माझ्या घरात जे उपयोगी पडलं ते क्रमाने सांगते. क्रमाला महत्त्व आहे. आपण बहुतेक वेळा आधी माणसावर तुटून पडतो आणि मग देवाकडे रडत जातो. हे उलटं करायचं आहे.

पहिली पायरी: लाज बाजूला ठेवा

"आपण ख्रिस्ती, आणि आपल्या घरात हे असं?" नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला हा प्रश्न फार छळतो. मंडळीत रविवारी सगळी कुटुंबं हसतमुखाने बसलेली दिसतात, आणि आपण घरून निघताना दार आपटून आलेलो असतो.

पवित्र शास्त्र उघडा. पहिले दोन भाऊ काइन आणि हाबेल, आणि पहिला खून त्या घरातलाच. याकोबाने आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद घेतला. योसेफाला भावांनी विकलं. दावीद राजाविरुद्ध त्याचाच मुलगा अबशालोम उठला. खुद्द येशूच्या घरच्यांना वाटलं की त्याला वेड लागलंय, आणि ते त्याला धरून न्यायला निघाले (मार्क ३:२१). त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं योहान ७:५ मध्ये स्वच्छ लिहिलंय. घरच्यांनी न समजून घेण्याचं दुःख प्रभूने सोसलेलं आहे. तेव्हा त्याच्यापुढे तुम्हाला घराची अब्रू झाकायची गरज नाही.

दुसरी पायरी: तक्रार करायला शिका

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. आपल्याला वाटतं प्रार्थना म्हणजे गोड बोलणं. आधी आभार, मग स्तुती, मग हळूच एखादी विनंती. राग आला असेल तर तो ओसरल्यावरच देवापुढे जायचं.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी निव्वळ विलाप आहेत. सुरुवातीला स्तोत्र १३ घ्या. फक्त सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा एकच प्रश्न विचारतो: हे कुठवर? तू मला कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार? देवाला असं विचारायची परवानगी आहे हे मला चाळिशीत कळलं.

मग स्तोत्र ५५ वाचा. त्यात तो म्हणतो की निंदा करणारा शत्रू असता तर मी सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, माझ्या ओळखीचा, आपण मिळून देवाच्या मंदिरात जात होतो. जवळच्या माणसाने केलेला घाव वेगळा असतो, हे ज्याला कळत नाही त्याला हे स्तोत्र वाचून दाखवावं. आणि ज्या दिवशी काहीच बरं वाटत नसेल त्या दिवशी स्तोत्र ८८. ते शेवटपर्यंत उजेडात येत नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

काही स्तोत्रांत तर शापच आहेत. १०९ वाचून नवा माणूस दचकतो. पण एक बघा, ते शब्द शत्रूच्या तोंडावर फेकलेले नाहीत. ते देवापुढे बोललेले आहेत. विष ओतायला जागा लागतेच, आणि ते देवापुढे ओतलं तर कुणी मरत नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. वही घ्या. फोनवर लिहू नका, चुकून दुसऱ्याला जाईल. वर "देवा" किंवा "प्रभू" लिहा. मग आज काय झालं ते लिहा, जसंच्या तसं, माणसाच्या नावासकट. मग तुम्हाला काय वाटलं ते. मग काय हवंय ते, पण आजच्या रात्रीपुरतं आणि उद्यापुरतं. शेवटी विश्वासाचं एक वाक्य, आलं तर. नाही आलं तर तसं लिहा.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"देवा, आज पुन्हा तेच झालं. दिवसभर राबले आणि त्याच्या एका वाक्याने सगळं मातीत गेलं. मला दादाचा राग येतो. आईचाही येतो, आणि तो येतो म्हणून माझी मलाच लाज वाटते. तू हे बघतोस ना? मग गप्प का? आज मला चार तास झोप दे. उद्या त्याचा फोन आला तर माझ्या तोंडावर पहारा ठेव. पुढचं आज म्हणवत नाही."

तोंडावरचा पहारा हे स्तोत्र १४१ मधलं मागणं आहे. माझ्या फार कामाला आलं.

अशा प्रार्थनेने काय होतं? हन्नाची गोष्ट १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात आहे, ती पूर्ण वाचा. तिला मूल नव्हतं. सवत पनिन्ना तिला वर्षानुवर्षं डिवचायची. नवरा एलकाना प्रेमळ, पण तो म्हणतो काय, तर "दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का?" समजूत घालायला गेला आणि तिचं दुःख त्याला कळलंच नाही. मंदिरात ती ओठ हलवत मनातल्या मनात प्रार्थना करत होती, तर एली याजकाला वाटलं ही दारू प्यायली आहे. म्हणजे घरात डिवचणी, नवऱ्याकडून गैरसमज आणि देवळातही तेच. तिने मात्र देवापुढे मन मोकळं केलं. एलीला खरं कळल्यावर त्याने तिला शांतीने जा म्हणून निरोप दिला, ती परतली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. हे १८व्या वचनात आहे. शमुवेल अजून पोटातही नव्हता. पनिन्ना घरीच होती. हे वचन मी पेन्सिलीने खूण करून ठेवलंय.

तिसरी पायरी: प्रश्न आणि उत्तर यांच्या मधली जागा

वही रात्रीची. पण भांडण दुपारी दोन वाजता होतं, तेव्हा काय करायचं?

राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याला राजाने भर दरबारात विचारलं, तुला काय हवंय? नहेम्या लिहितो, मी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो (नहेम्या २:४-५). राजापुढे गुडघे टेकायला त्याला वेळ कुठला? ती प्रार्थना एका श्वासाची असणार. आपल्याला तेवढीच जमली तरी पुरे. "प्रभू येशू, माझ्यावर दया कर" ही छोटी प्रार्थना पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये शतकानुशतकं श्वासाबरोबर म्हटली जाते. श्वास घेताना "प्रभू येशू", सोडताना "दया कर". तीन वेळा. मग तोंड उघडा. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा) ऐकायला लवकर, बोलायला सावकाश आणि रागाला सावकाश असा क्रम दिलाय (१:१९), तो या तीन श्वासांत पाळता येतो.

तीन श्वासांनी भागत नसेल तर उठून जा, पण सांगून जा. "मला आत्ता नीट बोलता येणार नाही. अर्ध्या तासाने येते." न सांगता निघून गेलं की समोरच्याला ती शिक्षा वाटते. आणि अर्ध्या तासाने खरंच या.

इथे एक गैरसमज काढून टाकते. इफिसकरांस पत्रात म्हटलंय की सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका (४:२६). याचा अर्थ काहीजण असा लावतात की रात्री दोन वाजेपर्यंत जागून भांडण मिटवलंच पाहिजे. माझं मत स्पष्ट आहे: दमलेल्या माणसांनी रात्री उशिरा कुठलंच जुनं प्रकरण उघडू नये. राग देवापुढे ठेवा, समोरच्याला "उद्या बोलू" म्हणा आणि झोपा. संदेष्टा एलीया मरणाची इच्छा करत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी (१ राजे १९). झोप आणि जेवण हा विश्वासाचाच भाग आहे.

चौथी पायरी: कुठलं ओझं माझं?

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन वाक्यं जवळजवळ आहेत. दुसऱ्या वचनात म्हटलंय, एकमेकांची ओझी वाहा. पाचव्यात म्हटलंय, प्रत्येकाने आपला भार वाहावा. मी कितीतरी दिवस गोंधळले होते. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला माणसाला दाबून टाकणाऱ्या जड ओझ्याचा, दुसरा ज्याने त्याने पाठीवर घ्यायच्या गाठोड्याचा. घरातला बराचसा ताण हा गाठोड्यांच्या अदलाबदलीतून येतो. कुणीतरी दुसऱ्याचं गाठोडं उचलून चालतं, आणि खरं जड ओझं मात्र जमिनीवर तसंच पडून राहतं, कारण ते एकट्याने उचलत नाही आणि कुणी कुणाला हाक मारत नाही.

वहीचं एक पान मधोमध दुमडा. एका बाजूला माझं, दुसऱ्या बाजूला माझं नाही. दादाचा स्वभाव: माझं नाही. त्याच्या प्रश्नाला मी काय उत्तर देते: माझं. आई बरी होणं: माझं नाही. तिला वेळेवर वळवणं: माझं, पण फक्त माझंच का?

त्या पानावर मला माझं मुसळ सापडलं. मत्तय ७ मधलं कुसळ आणि मुसळ आपल्या बोलण्यात इतकं रुळलंय की ते प्रभूचं वचन आहे हे आपण विसरतो. दीड वर्षात मी दादाकडे एकदाही, स्पष्ट शब्दांत, काहीही मागितलं नव्हतं. त्याला कळायला हवं, असं मी धरून चालले होते. तो विचारायचा, "काही हवंय का?" मी म्हणायचे, "नाही, चाललंय." आणि मग रात्री चौदा ओळी.

मोशेचा सासरा इथ्रो त्याला म्हणाला होता, तू करतोस हे बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील (निर्गम १८). मोशेसारख्याला हे सांगावं लागलं. तेव्हा मागायला शिका, आणि मोजून मागा. "मदत कर" असं नाही. "महिन्यातून एक शनिवार-रविवार तू येऊन आईजवळ राहा, मला दोन रात्री झोपायचंय" असं.

पाचवी पायरी: आता माणसाकडे जा

मत्तय १८:१५ मध्ये प्रभू सांगतो की भावाने तुझा अपराध केला तर जा आणि त्याला एकांतात सांग. त्याने ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. त्यानंतर मंडळी. आपण नेमकं उलट करतो: आधी मावशीला, मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याच कुणाकडून.

एकांतात जाताना तीन गोष्टी ठरवून जा. एकच विषय. एकच मागणं. आणि आपल्या चुकीपासून सुरुवात. मी दादाला म्हटलं, "दादा, मी तुला कधी नीट सांगितलंच नाही, ते माझं चुकलं. तू जखमेबद्दल विचारलंस तेव्हा मला वाटलं तू मला निष्काळजी म्हणतोयस. मला तसं ऐकवलं की फार लागतं. आता मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला तिथे नसल्याची इतकी टोचणी लागते ना, की मी काहीतरी विचारत राहतो." मला हे माहीत नव्हतं. दीड वर्ष मी ज्याला आरोप समजत होते, ती त्याची टोचणी होती.

नेहमी असं होईल असं नाही. समोरचा चिडेल, हसेल, फोन ठेवेल. रोमकरांस पत्रात पौल फार जपून लिहितो: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांततेने राहा (१२:१८). "शक्य असेल तर" हे शब्द त्याने उगाच घातलेले नाहीत.

आणखी एक. घरातले बाकीचे विश्वासात नसतील, तर वचनाची काठी करू नका. जेवताना नवऱ्याला इफिसकरांस पत्र ऐकवणं किंवा सासूच्या बोलण्यावर नीतिसूत्रातलं वाक्य फेकणं, याने आजवर कुणाचं मन वळलेलं मी पाहिलं नाही. पेत्र तर म्हणतो की काही जण वचनावाचून, नुसत्या वागण्याने मिळवले जातात (१ पेत्र ३:१). वचन आधी आपल्यासाठी वाचायचं.

सहावी पायरी: क्षमा, आणि क्षमा म्हणजे काय नाही

पेत्राने विचारलं, सात वेळा क्षमा करू का? प्रभू म्हणाला, सातांच्या सत्तर पट. मी याचा अर्थ आधी असा घ्यायचे की समोरचा ४९० नवे अपराध करेल. आता वाटतं, एकच जुना अपराध मनात ४९० वेळा वर येतो आणि दर वेळी तो पुन्हा सोडावा लागतो. काल क्षमा केली आणि आज सकाळी परत राग आला, तर तुमची कालची क्षमा खोटी नव्हती. आज पुन्हा करायची आहे, इतकंच.

पण क्षमा आणि समेट एक नव्हेत, हे नीट समजून घ्या. क्षमा मी एकटी देवापुढे करू शकते. समेटाला दोन माणसं लागतात.

योसेफाला भावांनी विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ३० चा. मग सुबत्तेची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन, म्हणजे भावांना आपली ओळख देईपर्यंत सुमारे २२ वर्षं उलटली होती. भाऊ समोर येताच त्याने त्यांना मिठी मारली नाही. आधी पारखलं. शिमोनाला ठेवून घेतलं, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला. योसेफाला विकू या असं पूर्वी सुचवणारा यहूदाच आता पुढे आला आणि म्हणाला, धाकट्याऐवजी मला गुलाम करून ठेवा. तेव्हा कुठे योसेफ मोठ्याने रडला आणि म्हणाला, मी योसेफ. भरवसा परत यायला बदल दिसावा लागतो, आणि तो दिसेपर्यंत थांबणं म्हणजे मनात अढी ठेवणं नव्हे.

याकोब आणि एसाव यांची भेट फार सुंदर आहे. २० वर्षांनी एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघे रडले. पण त्यापुढचं आपण वाचत नाही. एसाव म्हणाला, चल माझ्याबरोबर. याकोब म्हणाला, तू हो पुढे, मी हळूहळू येतो, आणि तो सुक्कोथला जाऊन राहिला. दोघे भाऊ वेगळेच राहिले. पुढे बाप इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली. एका छपराखाली राहणं जमलं नाही, पण बापाच्या कबरेपाशी एकत्र उभं राहणं जमलं. काही घरांसाठी एवढा समेट खूप आहे.

आणि दावीद. शौल त्याचा राजा होता आणि सासराही. शौलाने त्याच्यावर भाला फेकला, एकदा नव्हे. बायको मीखल हिने त्याला खिडकीतून खाली सोडलं, तेव्हा तो वाचला. पुढे शौल दोनदा त्याच्या हाती सापडला. दावीदाने त्याला इजा केली नाही. दुसऱ्या वेळी शौल म्हणाला, माझं चुकलं, परत ये, आता तुझं वाईट करणार नाही. दावीदाने काय केलं? शौलाच्या उशाजवळून उचललेला भाला परत दिला, सूड घेतला नाही, आणि आपल्या वाटेने निघून गेला (१ शमुवेल २६). क्षमा केली, पण भाल्याच्या टप्प्यात पुन्हा जाऊन बसला नाही.

हे सोसू नका

मारहाण, धमक्या, पैसे किंवा फोन काढून घेऊन कोंडून ठेवणं, लहान मुलांवर हात टाकणं, लैंगिक जबरदस्ती. या गोष्टी "कौटुंबिक ताण" नाहीत. वर सांगितलेलं एकांतात जाऊन बोलणं इथे लागू नाही. इथे आधी सुरक्षित जागी जायचं, विश्वासू माणसाला सांगायचं आणि पोलिसांची, कायद्याची मदत घ्यायची. तुम्हाला कुणी "बायकोने अधीन राहावं" हे वचन ऐकवून परत पाठवत असेल, तर त्याच अध्यायातलं त्याआधीचं वचन बघा: एकमेकांच्या अधीन राहा (इफिस ५:२१). आणि पुढचं: पतींनो, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा. मार खाणं हा वधस्तंभ उचलणं नव्हे. जीव वाचवून निघालेला दावीद देवाच्या मर्जीतून उतरला नव्हता.

सातवी पायरी: कुणाला तरी बरोबर घ्या

मंडळीत एक माणूस शोधा. दहा नकोत, एक. पाळक असतील, एखादी वडीलधारी बहीण असेल, कॅथलिक असाल तर फादर. ज्याच्या तोंडून तुम्ही दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी कधी ऐकल्या नाहीत, असा. "यांच्यासाठी प्रार्थना करा हं" असं म्हणत घराघरांतल्या भानगडी वाटल्या जातात, हे दुःखद आहे पण खरं आहे. प्रार्थनागटात सांगताना नावं आणि तपशील गाळा. "घरी एका नात्यात ताण आहे, माझ्या जिभेसाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं. देवाला बाकीचं ठाऊक आहे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगू नये असं मनात येत असेल तर आजच, आत्ताच कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. पौलाच्या सोबत्यांत लूक होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो (कलस्सै ४:१४).

पहिला आठवडा

एकदम सगळं करायला जाऊ नका. रोज पंधरा मिनिटं काढा, शक्यतो एकाच वेळी, एकाच जागी. मी आईला रात्री वळवल्यानंतरची वेळ धरते, कारण त्या वेळी मी तशीही जागी असते. पहिल्या रात्री स्तोत्र १३, दुसऱ्या रात्री ५५, तिसऱ्या रात्री हन्नाचा अध्याय. चौथ्या रात्री वाचन नको, पान दुमडून दोन बाजू लिहा. पाचव्या रात्री रोमकरांस १२, सहाव्या रात्री उत्पत्ती ४४ आणि ४५. सातव्या दिवशी वही मागे उलटून वाचा. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे. वाचण्याचंही त्राण नसेल तर पेत्राचं एकच वाक्य म्हणा, "सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो", आणि चिंतेचं नाव घेऊन वही मिटा.

वही कुलपात ठेवा. ती देवासाठी आहे, घरच्यांच्या हाती लागली तर नवीन भांडण होईल.

दादा आता दर महिन्याला येतो. दर वेळी गोडीगुलाबी असतेच असं नाही. मागच्या खेपेला औषधांच्या डबीवरून आम्ही पुन्हा एकमेकांवर आवाज चढवला, आणि मी "अर्ध्या तासाने येते" म्हणून गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा तो आईच्या पलंगाजवळ उभा होता. एक हात तिच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि तो तिला विचारत होता, "आई, असंच वळवते ना ती? का आधी उशी काढायची?" मी दारातूनच सांगितलं, आधी उशी.